प्लॅन वाढवला तरी फोन तुटतोच: एका छोट्या ऑफिसच्या नेटफोनचं प्रकरण

बारा-चौदा माणसांचं ऑफिस. टेबलांवर मिळून दहा आयपी फोन, जुनी लँडलाइन काढून टाकलेली, सगळे कॉल इंटरनेटवरून. काम असं की दिवसभर फोन चालू, ग्राहक काहीतरी विचारणार, हे उत्तर देणार, कागद मागवणार, कागद पाठवणार. आणि गेले कित्येक महिने तक्रार एकच: "आम्हाला समोरच्याचं सगळं नीट ऐकू येतं, पण त्यांना आमचा आवाज तुटक जातो, मध्येच रोबोटसारखा होतो, मग ते हॅलो हॅलो करतात आणि आम्ही दोघंही एकदम बोलायला लागतो."

त्यांनी आधी तेच केलं जे अशा वेळी कोणीही करतं, प्लॅन वाढवून घेतला. डाउनलोड ४० एमबीपीएस होतं ते १०० झालं. फोनमध्ये काडीचा फरक पडला नाही. मग फोन सेवा देणाऱ्यांकडे तक्रार टाकली, ते म्हणाले आमच्या सर्व्हरवर सगळं ठीक दिसतंय, तुमचं इंटरनेट बघा. इंटरनेटवाल्यांना बोलावलं, त्यांनी समोर स्पीड टेस्ट लावली, शंभरच्या जवळचा आकडा आला, म्हणाले लाइन ओके आहे, फोनवाल्यांशी बोला. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि तरी ऑफिसचा माणूस फोन हातात धरून खिडकीपाशी जायचा, जणू काही मोबाइलची रेंज आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण छोट्या ऑफिसात नेटफोनचा जो त्रास मी बघत आलोय तो फिरून फिरून याच साच्यातला निघतो. बँडविड्थ पुरेशी असते, पण डेटाची रांग अशा ठिकाणी लागते जिथे आपल्या हातात काहीच नसतं. ती रांग उचलून आपल्या ताब्यातल्या डब्यात आणली आणि आखूड ठेवली की बहुतेक काम होतं, आणि त्यासाठी मोठा प्लॅन लागत नाही.

तक्रारीतच अर्धं उत्तर होतं

"आम्हाला नीट ऐकू येतं, त्यांना येत नाही." हे वाक्य नीट ऐकलं पाहिजे. नेटफोनचा कॉल म्हणजे आवाजाचे दोन स्वतंत्र प्रवाह असतात, एक त्यांच्याकडून आपल्याकडे, एक आपल्याकडून त्यांच्याकडे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आपल्याला नीट ऐकू येतंय म्हणजे डाउनलोडची बाजू बरी आहे, बिघाड अपलोडच्या बाजूला आहे. आणि या ऑफिसने जे वाढवून घेतलं होतं ते डाउनलोड! अपलोड आधी ४ होतं, नव्या प्लॅनमध्ये ५ झालं होतं, बस. जाहिरातीत आणि बिलावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो डाउनलोडचाच असतो त्यामुळे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून कुठेही गेलो की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुटक कोणाला ऐकू येतं, तुम्हाला की समोरच्याला. दोघांनाही म्हणाले तर मग ऑफिसच्या आतलं वायरिंग, स्विच, वायफाय हे आधी बघायचं.

दुसरी गोष्ट रिसेप्शनवरच्या मॅडमनी दिली. त्यांनी टेबलावरच्या रजिस्टरमध्ये मागच्या पानांवर नोंदी ठेवल्या होत्या, वेळ, कुठल्या एक्स्टेन्शनवर आणि पुढे फक्त "तुटला" एवढंच. ते बघताना लगेच जाणवत होतं की दिवसभर सलग त्रास नाहीये, झटके येतात. सहा-सात मिनिटं सगळे फोन एकदम बिघडतात आणि मग आपोआप बरे होतात. आणि नोंदी वाचत असताना कागदपत्रं बघणाऱ्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी स्कॅनचा गठ्ठा टाकला ना की फोन बिघडतात, मी हे सांगितलं होतं सगळ्यांना." खरंच सांगितलं होतं, पण स्कॅनरचा आणि फोनचा काय संबंध म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. मग त्यांनीच आपल्या परीने उपाय काढला होता, साहेब महत्त्वाच्या कॉलवर असले की स्कॅनिंग थांबवायचं आणि उरलेलं संध्याकाळी बसून संपवायचं.

संबंध अगदी सरळ होता. स्कॅनर फाइल एका फोल्डरमध्ये टाकायचा, ते फोल्डर क्लाउडला सिंक व्हायचं. रंगीत पानांचा एक गठ्ठा साधारण २५० एमबी. २५० एमबी म्हणजे २००० मेगाबिट, ५ एमबीपीएस अपलोडने जायला ४०० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. रजिस्टरमधल्या सहा-सात मिनिटांच्या झटक्यांशी हिशोब बरोबर जुळतो.

आधी मोजलं

अंदाज कितीही बरोबर वाटला तरी मोजल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही. लॅपटॉप वायरने राउटरला जोडला (वायफायवर मोजलं की वायफायचा गोंधळ मिसळतो आणि काहीच कळत नाही), आणि मोडेमच्या पलीकडचा इंटरनेट कंपनीचा जो पहिला टप्पा असतो त्याला सतत पिंग लावून ठेवलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिलो. ऑफिस शांत असताना उत्तर १४-१५ मिलिसेकंदात येत होतं. मग मॅडमना म्हटलं, टाका गठ्ठा. दहा-पंधरा सेकंदांत आकडे चढायला लागले, ३००, ५००, आणि ८०० च्या आसपास जाऊन तिथेच बसले. अधूनमधून एखादं उत्तर आलंच नाही. अपलोड संपलं तसा आकडा लगेच परत १४. साहेब, दोन्ही मॅडम, सगळे स्क्रीनकडे बघत होते आणि कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

आता ते ८०० मिलिसेकंद म्हणजे काय ते बघा. ५ एमबीपीएसच्या लाइनवर ८०० मिलिसेकंदांचा डेटा म्हणजे ५ लाख बाइट. नेटवरून डेटा छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. फाइलचं एक भरलेलं पॅकेट १५०० बाइटचं धरलं तर ३३३ पॅकेट. एवढी पॅकेटं मोडेमच्या मेमरीत रांग लावून उभी होती, प्रत्येकाला बाहेर पडायला २.४ मिलिसेकंद. आपल्या आवाजाचं छोटंसं पॅकेट येतं आणि या ३३३ जणांच्या मागे उभं राहतं. मोडेमला आवाज आणि फाइल यातला फरक कळत नाही, जो आधी आला तो आधी जाणार.

फोनवरच्या बोलण्यात एका दिशेने किती उशीर चालतो याची आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ नावाची शिफारस आहे, त्यानुसार १५० मिलिसेकंदांपर्यंत बोलणाऱ्याला सहसा काही जाणवत नाही आणि ४०० च्या पुढे नेटवर्कची आखणीच करू नये. इथे नुसत्या मोडेमच्या रांगेत ८०० जात होते. म्हणूनच दोघं एकदम बोलायला लागायचे, एकाने थांबून वाट बघितली, उत्तर येईना म्हणून परत बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात समोरच्याचा आवाज येऊन धडकला. आणि रोबोटसारखा आवाज का, तर उशीर एकसारखा नसतो, रांग कमी-जास्त होत राहते. उशिरातल्या या चढउताराला जिटर म्हणतात. समोरचा फोन थोडी पॅकेटं साठवून मग वाजवतो, त्याला जिटर बफर म्हणतात, पण त्याने धरलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेलं पॅकेट तो सरळ टाकून देतो. म्हणजे पॅकेट पोचलं तरी हरवल्यासारखंच. आवाज यूडीपी नावाच्या पद्धतीने जातो, तिच्यात हरवलेलं परत पाठवायची सोयच नाही आणि पाठवून उपयोगही नाही, कारण वाक्य पुढे गेलेलं असतं.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या प्रोग्रामरनी २०१०-११ च्या सुमारास या नावाने ते सगळ्यांसमोर मांडलं. मेमरी स्वस्त झाली तसे मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी मोठमोठे बफर टाकले, हेतू चांगला होता, पॅकेट वाया जाऊ नयेत. पण फाइल ज्या पद्धतीने जाते ते टीसीपी सहसा एखादं पॅकेट हरवल्याशिवाय वेग कमीच करत नाही, त्यामुळे बफर जेवढा मोठा तेवढा ते भरून टाकतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, यात बरेच जण अडकतात. ऑफिसच्या बाजूने वायरशार्क (जाणारी-येणारी पॅकेटं पकडून दाखवणारा प्रोग्राम) लावून कॉल पकडला तर जाणाऱ्या आवाजाची पॅकेटं एकदम शिस्तीत दिसतात, दर २० मिलिसेकंदाला एक, हरवलेलं शून्य. आणि मग लोक म्हणतात आमच्याकडून तर सगळं नीट जातंय, दोष फोनवाल्यांचाच. अहो, ती पॅकेटं अजून मोडेमच्या रांगेत शिरलेलीच नसतात! अपलोडची खरी अवस्था पलीकडूनच कळते. कॉल चालू असताना त्याच्या तब्येतीचे रिपोर्ट समोरून येत असतात, त्यांना आरटीसीपी म्हणतात, त्यात हरवलेली पॅकेटं आणि जिटर दोन्ही असतं, बऱ्याच आयपी फोनच्या स्टेटस पानावर चालू कॉलचे हे आकडे दिसतात. या ऑफिसात गठ्ठा चालू असताना ते पान उघडून ठेवलं तेव्हा समोरच्या बाजूचा जिटर कसा उसळतो ते सरळ दिसलं.

एका कॉलला लागतं तरी किती

मधल्या काळात कोणीतरी यांना सल्ला दिला होता की कोडेक (आवाजाचा डेटा बनवायची पद्धत) बदला, जी.७११ काढून जी.७२९ लावा, बँडविड्थ वाचेल. म्हणून हा हिशोब साहेबांसमोर कागदावर मांडला.

जी.७११ मध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक ८ बिटचा, म्हणजे ६४ केबीपीएस (१००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस). दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, सेकंदाला ५०, प्रत्येकात आवाज १६० बाइट. त्यावर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० असे ४० बाइट हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्याच्या माहितीचे, झाले २००, म्हणजे ८० केबीपीएस. इथरनेटचे १८ धरले तर २१८ बाइट, ८७.२ केबीपीएस. हे एका दिशेचं, दुसऱ्या दिशेलाही तेवढंच. दहाच्या दहा फोन एकाच वेळी चालू असले तरी अपलोडला ८७२ केबीपीएस. लाइन ५००० ची. पाचवा हिस्सासुद्धा नाही!

जी.७२९ आवाज ८ केबीपीएसवर आणतं, आठपट कमी, ऐकायला भारी वाटतं. पण २० मिलिसेकंदाच्या पॅकेटमध्ये आवाज २० बाइट आणि हेडर तेच ४०, वर इथरनेट, एकूण ७८ बाइट, ३१.२ केबीपीएस. म्हणजे लाइनवरची बचत तिपटीचीही नाही. दहा फोनवर मिळून साधारण साडेपाचशे केबीपीएस वाचतील, आणि ते वाचलेलं कोण खाणार? तोच स्कॅनचा गठ्ठा. फाइल अपलोडला ठरावीक अशी भूक नसते, जेवढं मोकळं मिळेल तेवढं ते घेणार, रांग तेवढीच लांब राहणार आणि वर आवाजाचा दर्जा आपणच कमी केलेला असणार. अपलोडच मुळात १ एमबीपीएसच्या आत असेल, तिथे जी.७२९ चा विचार जरूर करावा. अशा लाइनवर एक भरलेलं पॅकेट बाहेर पडायलाच १२ मिलिसेकंद घेतं. इथे तो प्रश्न नव्हता.

याच कारणासाठी ५ चं अपलोड १० करूनही काही झालं नसतं. झटका सहा-सात मिनिटांऐवजी साडेतीनचा झाला असता, एवढंच.

प्रायॉरिटीचं बटण चालू होतं

राउटरमध्ये क्यूओएसचं (कोणत्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवायचं) पान होतं, त्यात आधीच्या माणसाने फोनना "हाय" प्रायॉरिटी देऊन ठेवली होती. साहेबांचा साहजिक प्रश्न, "मग हे चालत का नाही?"

प्रायॉरिटीचा अर्थ इतकाच की रांगेत उभं राहायची वेळ आली तर याला पुढे काढा. राउटरपाशी रांग लागलीच नाही तर पुढे काढणार कोणाला? राउटर ते मोडेम ही वायर १००० एमबीपीएसची, राउटर आलेलं पॅकेट त्याच क्षणी मोडेमला देऊन मोकळा. रांग लागते पुढे, मोडेममध्ये, कारण तिथून पुढची वाट ५ ची. रुंद रस्ता अरुंद पुलावर येतो तिथे गाड्या तुंबतात, मागे रुंद रस्त्यावर पोलीस उभा करून काही होत नाही.

म्हणून उपाय असा की राउटरला सांगायचं, तू स्वतःच ५ पेक्षा जरा कमी वेगाने पाठव. म्हणजे मोडेमकडे पॅकेट जमतच नाहीत, रांग राउटरमध्ये लागते, आणि राउटर आपला असल्यामुळे कोणाला पुढे काढायचं, कोणाला थांबवायचं, कधी पॅकेट टाकून देऊन टीसीपीला हळू हो म्हणायचं, सगळं आपण ठरवतो. याला शेपिंग म्हणतात. आकडा ठरवताना प्लॅनवर छापलेला घ्यायचा नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी प्रत्यक्ष मोजायचं आणि सगळ्यात कमी जो येईल त्याच्या नव्वद टक्के. इथे अपलोड सगळ्यात कमी ४.७ मिळालं, म्हणून ४.२ लावलं. डाउनलोडला मोजून ८५.

जुन्या राउटरवर हे जमलं नाही. त्यात हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू होतं, ते चालू असलं की पॅकेटं प्रोसेसरला वळसा घालून जातात आणि शेपर नुसता नावाला राहतो. ते बंद केलं तर बिचाऱ्या प्रोसेसरचा दम ५०-६० एमबीपीएसलाच संपला. मग ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा एक राउटर घेतला, त्यात एसक्यूएम हा रांग सांभाळणारा भाग टाकला आणि रांगेची पद्धत केक निवडली. केक लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली ४.१९ आवृत्तीत आलं, त्याच्या मुळाशी जो कोडेल नावाचा विचार आहे तो कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. कोडेल रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतं, ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं सतत होत राहिलं की पॅकेटं टाकायला सुरुवात करतं. आणि त्यावर प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग. आवाजासारखा बारीक, थोडा थोडा येणारा प्रवाह आपोआप पुढे निघून जातो, त्याला कोणी प्रायॉरिटीची चिठ्ठी लावायचीही गरज पडत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण ऑफिसात उद्या नवीन काय येईल हे कोणीच सांगू शकत नाही आणि नियमांची लांबलचक यादी सांभाळायला छोट्या ऑफिसात माणूस नसतो.

एक बारकावा, केकला नॅटच्या (सगळं ऑफिस बाहेर एकाच पत्त्यावर दाखवणाऱ्या सोयीच्या) आतले खरे पत्ते बघायला वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्याला सगळं ऑफिस एकच कॉम्प्युटर वाटतं, आणि मग एखाद्या मशीनने वीस कनेक्शन उघडली तर ते एकटंच वीस वाटे घेऊन जातं.

फोनवर चिठ्ठी तरीही लावली. आवाजाच्या पॅकेटला डीएससीपी (पॅकेटवरचा प्रायॉरिटीचा आकडा) ४६, म्हणजे ईएफ, आणि सिग्नलिंगला, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याच्या संदेशांना, २४. कॅप्चर करून खात्री केली की मधला स्विच ती पुसत नाहीये. इंटरनेटवर पुढे कोणी या चिठ्ठीला मान देईल अशी आशा धरू नका, पण आपली अडचणीची जागा आपल्याच राउटरमध्ये आणली असल्यामुळे तिथपर्यंत मान मिळाला तरी पुरतं. येणाऱ्या पॅकेटवर चिठ्ठी टिकेलच असं नाही, तिकडे वेगळ्या रांगांवरच भिस्त ठेवायची.

मग परत तोच प्रयोग. पिंग लावलं, गठ्ठा टाकला, सोबत चार फोनवर बोलणं चालू ठेवलं. पिंग १४ वरून वीस-बावीसला गेलं आणि तिथेच राहिलं. फोन स्वच्छ. गठ्ठा जायला आठ मिनिटं लागली, आधीपेक्षा सव्वा मिनिट जास्त, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. स्कॅनिंगवाल्या मॅडमनी दोनदा विचारलं, "म्हणजे आता कधीही टाकलं तरी चालेल?" हो, कधीही.

साहेबांची हरकत वेगळीच होती. "शंभरचा प्लॅन आहे आणि टेस्टमध्ये ८५ दिसतंय." ही हरकत प्रत्येक ठिकाणी येते आणि तिला नीट उत्तर दिलं पाहिजे, नाहीतर मागून कोणीतरी शेपर बंद करून टाकतं. शंभर दिसायचं ते ऑफिस शांत असताना. अपलोड तुंबलं की डाउनलोडची पोचपावतीची पॅकेटंही त्याच रांगेत अडकायची आणि डाउनलोडसुद्धा कोसळायचं. तर गठ्ठा चालू ठेवून, शेपर बंद करून एकदा आणि चालू करून एकदा अशी टेस्ट त्यांना स्वतःला लावायला दिली. शेपर चालू असतानाचा डाउनलोडचा आकडा कितीतरी वरचा आला. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

असंही विचारलं गेलं की सिंकच्या प्रोग्रामलाच अपलोडची मर्यादा घालता आली असती ना. आली असती, आणि दुसरं काहीच हातात नसेल तर तेवढं तरी कराच, पाच मिनिटांचं काम आहे. पण उद्या कोणाच्या मोबाइलचे फोटो बॅकअपला लागतील, कोणी मोठी फाइल मेलला जोडेल, कुठला कॅमेरा क्लाउडवर रेकॉर्डिंग सुरू करेल, प्रत्येकाच्या मागे कोण धावणार.

उरलेले दोन फोन

आठ फोन बरे झाले, आतल्या खोलीतले दोन मात्र अधूनमधून तुटतच होते. ते वायफायवर होते. शेपर इंटरनेटच्या दारापाशी काम करतो, हवेतल्या गर्दीशी त्याचं घेणंदेणं नाही, आणि वायफायवर एका वेळी एकच बोलू शकतो, लांबचं एखादं जुनं मशीन सावकाश बोलत बसलं की बाकीचे सगळे थांबतात. शिवाय चिठ्ठीतही एक खोच आहे. वायफायमध्ये व्हॉइस, व्हिडिओ, साधं आणि बॅकग्राउंड असे चार वर्ग असतात, पण बरेच अ‍ॅक्सेस पॉइंट डीएससीपीचे वरचे तीनच बिट बघून वर्ग ठरवतात, ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि ५ पडतो व्हिडिओच्या वर्गात. आवाजाला ६ लागतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे सुधारून सांगितलंय, तरी प्रत्येक यंत्रात ते आलेलं असतंच असं नाही. आम्ही या वादात न पडता दोन वायरी ओढल्या. टेबलावरचा फोन जागचा हलत नाही, मग त्याला वायर द्यायला काय हरकत आहे? पीओई स्विच होताच, वीजही त्याच वायरीतून.

आणि एक तक्रार अशी होती जिचा बँडविड्थशी काही संबंधच नव्हता, काही कॉल साधारण अर्ध्या मिनिटाने आपोआप कट व्हायचे. आवाज छान आणि बरोबर ३२ सेकंदांनी कट, हे लक्षण दिसलं की एसआयपीमधली (कॉल जोडायच्या पद्धतीतली) एसीके नावाची पोच हरवतेय असं समजायचं, त्या टायमरची वेळच ३२ सेकंदांची आहे. जुन्या राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं फीचर पॅकेटमधले पत्ते बदलताना घोळ घालत होतं. नव्यात ते बंद ठेवलं, कॉल टिकायला लागले.

बॅकअप लाइन

मुख्य लाइन बंद पडली तर म्हणून ऑफिसात सिमकार्डवर चालणारा मोबाइल डेटाचा राउटर आहे. तिथे वरची युक्ती तशीच्या तशी लागू होत नाही, कारण तिचा वेग दर तासाला बदलतो. अपलोड कधी १२ तर कधी २, आणि खरा वेग शेपरच्या आकड्याच्या खाली गेला की रांग परत आपल्या हातातून निसटून पुढच्या यंत्रात जाते. म्हणून तिला आकडा मुद्दाम खूप कमी ठेवला, १.५. त्यात फोन सुखाने बसतात, बाकी सगळं रांगत चालतं आणि ते सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. वर ट्रंकवर (सगळ्या फोनचे बाहेरचे कॉल ज्या जोडणीवरून जातात तिच्यावर) एका वेळचे कॉल चारपुरते मर्यादित केलेत, चार कॉलचे साधारण ३५० केबीपीएस. पाचव्याला बिझी टोन मिळेल, पण चालू असलेले चार तरी नीट पूर्ण होतील. पाचवा आत घेऊन पाचही जणांचं बोलणं बिघडवण्यापेक्षा मला हेच योग्य वाटतं. सिंक त्या वेळात बंद.

लाइन बदलताना चालू कॉल तुटतो, ते टाळता आलेलं नाही, कारण बाहेरचा आयपी पत्ताच बदलतो. नंतर फोनची सेवेच्या सर्व्हरवर परत नोंद (रजिस्ट्रेशन) होईपर्यंत येणारे कॉल वाजत नाहीत. आधी रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० सेकंद होती, म्हणजे नशीब वाईट असेल तर तासभर फोन गप्प. ती १२० वर आणली. तेवढी दोन मिनिटं येणारे कॉल रिसेप्शनच्या मोबाइलवर वळवायची सोय फोन सेवेच्या पॅनलमध्ये होती, ती चालू करून घेतली.